येथे वन्यजीव आढळत नाहीत

पर्यावरण परिणाम अहवाल वाचण्याचा मला नाद आहे. लोक झोपण्यापूर्वी रहस्यकथा वाचतात, मी हे वाचतो. रहस्यकथेत प्रेत पहिल्या प्रकरणात सापडतं आणि खुनी शेवटच्या. इथे करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावरच छापलेलं असतं, बोधचिन्हासकट, आणि पुढची चारशे पानं प्रेत मुळात नव्हतंच हे सिद्ध करण्यात खर्ची पडतात. तक्ते असतात, आलेख असतात, कुठल्याशा टेकडीचे धूसर फोटो असतात. मग 'जैवविविधता' या मथळ्याखाली ते अजरामर वाक्य येतं: प्रकल्पक्षेत्रात कोणत्याही दुर्मीळ अथवा संकटग्रस्त प्रजाती आढळून आल्या नाहीत.

खाण असो, गोदामांची रांग असो, टाउनशिप असो. आढळून आल्या नाहीत. मला तर दाट संशय आहे की महाराष्ट्रातले वन्यप्राणी आता फक्त वन विभागाच्या दिनदर्शिकेत राहतात, बारा महिने बारा.

मग आढळतं तरी काय? तेही ठरलेलं. कावळा, साळुंकी, पारवा, मुंगूस, भटकी कुत्री. झाडांमध्ये बाभूळ, कडुलिंब आणि घाणेरी. ही यादी कोकणात चालते, विदर्भात चालते, माणदेशात तर धावते. अखिल महाराष्ट्राचं भावनिक ऐक्य पाहायचं असेल तर या याद्या पाहा.

यादीकर्त्याला कधी कंटाळा येतो आणि मग तो जरा लांबून माल आणतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात लिहिलं होतं की इथल्या पक्ष्यांचा मुख्य अधिवास म्हणजे स्प्रूसची वनं, आणि स्प्रूस व बर्च यांची मिश्र वनं. रत्नागिरीत! हापूसच्या बागेला लागून स्प्रूस, आणि त्यावर बहुधा फरची टोपी घातलेला धनेश. झालं होतं एवढंच की मजकूर रशियातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उचलला होता. नकलेलाही अक्कल लागते, हे आपल्याकडे शाळेत सांगतात. पण माझं भांडण नक्कल करणाऱ्याशी नाही. तो गरजू. मला कुतूहल आहे ते पुढच्या साखळीचं. लिहिणारा, तपासणारा, सही करणारा, शिक्का मारणारा, यांच्यापैकी एकालाही बर्च हे झाड चिपळूणच्या पलीकडे कुठे दिसतं असा प्रश्न पडू नये? बोभाटा केला तो शेवटी पर्यावरणवाल्यांनी. म्हणजे ज्यांना ते वाचायचा पगार मिळत नाही, त्यांनी.

कायदा बिचारा वाईट नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९४ मध्ये पहिली अधिसूचना निघाली, २००६ मध्ये आजची. कल्पना शहाणी आहे: जमिनीला हात लावण्यापूर्वी तिथे कोण राहतं ते पाहा, काय बिघडेल ते लिहा, लोकांना विचारा, मग तज्ज्ञांनी ठरवावं. कागदावर इतकी सुंदर की डोळे पाणावतात. फक्त एक बारीकसा तपशील आहे. ते पाहायला जाणारा सल्लागार कोण नेमतो? प्रकल्पवाला. त्याचं बिल कोण चुकवतो? प्रकल्पवाला. पुढचं काम कोण देणार? पुन्हा तोच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा या शास्त्राचा आद्य सिद्धांत. एकदा तो मान्य केला की उरलेले अध्याय आपोआप सुटतात.

शिवाय सापडण्याला किंमत असते, शब्दशः. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी सापडला की त्याच्यासाठी संवर्धन आराखडा लिहावा लागतो, त्यात रक्कम दाखवावी लागते, वन खात्याची संमती घ्यावी लागते. न सापडण्याला काहीच पडत नाही. आता तुम्ही सांगा, सुज्ञ सल्लागार झुडपाच्या कोणत्या बाजूला पाहील? बरं, चुकूनमाकून मोर सापडलाच, कारण मोर हा मूर्ख पक्षी ऐन पाहणीच्या वेळी ओरडतो, तर त्याच्या आराखड्यात काय असतं? सिमेंटचे पाणवठे आणि जनजागृतीचे फलक. मोरांनी ते सवडीने वाचावेत, ही अपेक्षा.

ऋतूची गंमत तर खास जपून ठेवण्यासारखी. अशा अहवालांसाठी एका ऋतूची माहिती चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून कुठलाही. का? तर हवेतली धूळ मोजायची असते, पावसात धूळ बसते, आकडे फसवे येतात. धुळीपुरतं हे अगदी रास्त. पण धूळ मोजायला गेलेली गाडी त्याच खेपेत जीवसृष्टीही मोजून येते. डिझेल वाचतं.

हे डिझेल वाचवणारं शास्त्र घेऊन कोकणातल्या सड्यावर चला. मे महिन्यात सडा म्हणजे जांभ्याचा तापलेला तवा, त्यावर वाळकं गवत आणि एखादी चुकार शेळी. सल्लागार टोपी काढतो, घाम पुसतो आणि लिहितो: नापीक, खडकाळ, वनस्पतिविरहित. खोटं काय लिहिलं? काहीच नाही. सडा जगतो ते पावसाचे चार महिने. जूनमध्ये खडकातल्या खळग्यांत पाणी साचतं आणि तिथे अंडी घालायची घाई सुरू होते, कारण पाणी आटण्यापूर्वी सगळा संसार आटोपायचा असतो. अंबोलीच्या सड्यावरचा एक चिमुकला टोड असाच पहिल्या पावसात बाहेर पडतो. शास्त्राला तो स्वतंत्र प्रजाती म्हणून कळला २००९ मध्ये, आणि अंबोलीचा परिसर सोडला तर जगात त्याला दुसरा पत्ता नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच जांभ्यावर गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, कीटक खाणारं ड्रोसेरा चमकतं. कासच्या अशाच खडकावर तेव्हा माणसं तिकीट काढून, रांग लावून जातात, सेल्फी काढतात आणि फुलं तुडवतात. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून कासचं नाव आहे. सप्टेंबरात जागतिक वारसा, मे महिन्यात वनस्पतिविरहित. खडक तोच. बदललं ते फक्त बिल कुणाच्या नावाने फाडायचं ते.

आता माझा आवडता खेळ. तुम्हीही घरी खेळू शकता. डोंगरपायथ्याच्या एखाद्या गृहप्रकल्पाची दोन कागदपत्रं मिळवा: परवानगीसाठी सरकारला दिलेलं आणि गिऱ्हाइकाला वाटलेलं. सरकारी कागदात कावळा, साळुंकी, पारवा. रंगीत पुस्तिकेत? अहाहा! पहाटे मोरांच्या केकारवाने जाग येते. गॅलरीतून हरणांचे कळप दिसतात. 'निसर्गाच्या कुशीत' हे तर पानोपानी, जणू निसर्गाने पाळणाघर काढलंय. स्वर्गीय नर्तक फांदीवर, बिबट्याचं छायाचित्र मागच्या पानावर (तो वस्तीत मात्र येत नाही, हमी दिलेली). जागा तीच, मालक तोच, आराखडा तोच. मग हे सगळे प्राणी आले कुठून? परवानगी मिळाल्यावर लोकलने? उलट, सरकारी कागद खरा मानायचा तर गिऱ्हाइकाची फसवणूक होते, आणि पुस्तिका खरी मानायची तर सरकारची. दोन्ही कागद एका टेबलावर शेजारी ठेवण्याची अक्कल आजवर एकाही समितीला सुचलेली माझ्या पाहण्यात नाही. सुचेल कशी? समितीला वेळ कुठे आहे?

वेळेचंही गणित मांडून ठेवलंय. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने राज्यांच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणांना तारे द्यायचं ठरवलं. हॉटेलांना देतात तेच. ८० दिवसांच्या आत परवानगी दिली तर दोन गुण. १०५ दिवसांच्या आत दिली तर एक. १२० च्या पुढे गेलात तर भोपळा. ज्यादा माहिती मागितली की गुण घटण्याची भीती. आणि कळस पाहा: १० टक्क्यांपेक्षा कमी प्रकरणांत जागेवर जाऊन पाहणी केली तर एक गुण, २० टक्क्यांपेक्षा जास्त प्रकरणांत केली तर शून्य. म्हणजे पर्यावरण तपासणाऱ्या संस्थेने पर्यावरण पाहायला जितकं कमी जावं तितकी ती उत्कृष्ट! अशी प्रतिभा एरवी अत्र्यांच्या प्रहसनात शोधावी लागते. इथे ती सरकारी पत्रावर, जावक क्रमांकासह मिळते.

आणि सगळ्यात वरचं मंडळ? पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालचं राष्ट्रीय वन्यजीव मंडळ. त्याची पूर्ण बैठक २०१२ नंतर झाली ती थेट मार्च २०२५ मध्ये, गीरमध्ये. मधल्या काळात वाघसिंहांनी सबुरीने घेतलं. मंडळाची स्थायी समिती मात्र नियमित भरत होती, कारण अभयारण्यांतून रस्ते, तारा आणि कालवे न्यायचे तर सही तिची लागते. विचार करायचा तो वर्षानुवर्षं थांबू शकतो, सही थांबू शकत नाही.

'पण लोकांना विचारतात ना?' असं तुम्ही म्हणाल. विचारतात हो. ज्यांना जनसुनावणी लागू आहे त्यांच्या बाबतीत विचारतात. इमारती आणि टाउनशिप यांना ती लागूच नाही, २००६ च्या अधिसूचनेतच सूट आहे. तुमच्या घरामागच्या टेकडीवर वीस मजले चढणार असतील तर तुमचं मत कायद्याने अनावश्यक आहे. आणि २०,००० चौरस मीटरच्या खालच्या बांधकामाला तर पर्यावरण परवानगीच नको. म्हणून काही बिल्डरांच्या मनाला अचानक लहानपणाची ओढ लागते आणि इमारतीची वाढ एकोणीस हजार नऊशेवर खुंटते. शेजारी दुसरी इमारत उभी राहते, तीही एकोणीस हजार नऊशेची. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. वाहनतळ तेवढा एकच.

जिथे सुनावणी होते तिथलं दृश्य महाराष्ट्रात कुणालाही पाठ असेल. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत प्रकल्पाच्या टोप्या घातलेले उत्साही तरुण, मागे गावकरी, त्यांच्या मागे पोलिसांची गाडी. सारांश मराठीत असतो, तेही ज्या मराठीत 'प्रस्तावित क्रियाकलापांमुळे सजीवसृष्टीवर नगण्य प्रतिकूल परिणाम संभवतो' असं बोलतात त्या मराठीत. मुळातला जाडजूड अहवाल इंग्रजीत. गावातल्या कातकऱ्याला भेकर कुठे पाणी पितं, खवल्या मांजर कुठल्या बिळात आहे हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण त्याला विचारायचं कसं? त्याच्या ज्ञानाला तक्ता नाही. २०२० मध्ये तर नव्या अधिसूचनेचा मसुदाच फक्त इंग्रजी आणि हिंदीत काढला, सूचनेचा काळ ३० दिवसांवरून २० वर आणायचा प्रस्ताव त्यातच. दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करा. त्यावर सरकारने काय करावं? भाषांतरकार शोधण्याऐवजी वकील शोधले आणि थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. पुढे मराठीला अभिजात दर्जाही दिला, पण तिच्यात हरकत नको.

माळरानाची कथा याहून मजेशीर, कारण तिथे शत्रूला मेहनतही पडत नाही. सरकारी नकाशात माळ म्हणजे पडीक जमीन. देशाचा पडीक जमिनींचा स्वतंत्र नकाशासंग्रह आहे, आणि गवताळ प्रदेशाचे मोठाले तुकडे त्यात गेलेले. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, माळढोक ही सगळी मंडळी म्हणजे सरकारदरबारी पडीक जागेतले अतिक्रमणदार. त्यांच्यावर कृपा करायची झाली तर दोनच प्रकारे करतात. एक, माळावर गिरिपुष्पाची झाडं लावायची आणि हरित महाराष्ट्र म्हणून फोटो काढायचा. गवतात राहणाऱ्या प्राण्याला झाडं लावून हाकलणं, हे वृक्षारोपणाच्या इतिहासातलं आपलं मौलिक योगदान. दोन, सौर पटल अंथरायचे. सौर प्रकल्पांना परिणाम अहवाल लागतच नाही, ते २००६ च्या अधिसूचनेच्या कक्षेबाहेर. ऊर्जा स्वच्छ, म्हणून जमीन रिकामी! मला सौर ऊर्जा प्रिय आहे, छपरावर तर फारच. पण तिला माळढोकाच्याच अंगणात का झोपवता?

माळढोकावर तर सरकारने एकदा प्रेमही करून पाहिलं. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी अभयारण्य केलं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले, बाजारपेठा आल्या. माळढोकाला आठवडी बाजाराची आवड असावी असा हिशेब. शेतकऱ्याला विहीर खणायला, जमीन विकायला माळढोक आडवा येऊ लागला आणि ज्या पक्ष्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं तो गावागावात शिवीसारखा झाला. मग अक्कल आली आणि क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी बोटावर मोजण्याइतके उरले होते. आधी माळ मोजला असता, कुठे अंडी घालतो, कुठे चरतो एवढं बघितलं असतं, तर शेतकरीही वाचला असता आणि पक्षीही. पण पाहण्याच्या आधी रेघ ओढायची, हा नियोजनाचा बाणा. रेघ मोठी पडली तरी चालेल, छोटी पडली तरी चालेल, जमिनीवर उतरून ओढायची नाही.

रेघांचा विषय निघालाच आहे तर नवी मुंबईला जाऊ. या शहराचा जन्मच नियोजनातून झालाय, सिडको १९७० ची. इथे चौकाचौकांत गुलाबी फ्लेमिंगोचे पुतळे आहेत, भिंतींवर फ्लेमिंगो आहेत, महापालिका शहराला फ्लेमिंगो सिटी म्हणवते. खऱ्या फ्लेमिंगोंची, म्हणजे रोहित पक्ष्यांची, दिनचर्या साधी आहे. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरायचं. भरती आली, चिखल बुडाला, की उडून सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींत येऊन उभं राहायचं. खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. टाळ्या! पण रेघ थांबली ती चिखलापाशी. म्हणजे स्वयंपाकघराला संरक्षण आणि झोपायची खोली विकायला काढलेली.

त्या झोपायच्या खोलीत, एनआरआय संकुलामागच्या पाणथळीत, गोल्फ कोर्स आणि घरं उभारायचा बेत शिजला. गोल्फ! बारमाही पाणी मागणारी हिरवळ तयार करण्यासाठी बारमाही पाणी असलेली जागा बुजवायची. नागरिक कोर्टात गेले, २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने बेत मोडला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. मधल्या काळात विकास आराखड्यात याच पाणथळींना निवासी रंग फासला जातोय म्हणून पुन्हा बोंब झाली, लोक पुन्हा रस्त्यावर. नेरुळच्या डीपीएस तलावाची तऱ्हा वेगळी. तिथे बुजवाबुजवीही नको. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडल्या की तळं आपलं आपण सुकतं, आणि सुकलेल्या तळ्याकडे बोट दाखवून विचारता येतं, पाणथळ कुठाय हो? २०२४ मध्ये तिथे पक्षी मरून पडले. तेव्हा कुठे हालचाल झाली आणि २०२५ मध्ये शासनाने त्याला संवर्धन राखीव करण्याचं ठरवलं. चौकातला पुतळा मात्र कधीच आजारी पडला नाही.

आता याच शहराच्या दुसऱ्या टोकाला या. तिथे उलवे टेकडी सुरुंगांनी सपाट केली, उलवे नदी वळवली, खारफुटी हटवली आणि विमानतळ बांधला. २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन. विमानतळ नकोच असं मी म्हणत नाही, मलाही विमानाने जायला आवडतं. पण विमानाला पक्ष्याचं वावडं असतं. म्हणून पक्ष्यांचा अभ्यास करायला बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) बोलावलं. त्या संस्थेने जे सांगितलं ते पाचवीतल्या पोरालाही कळेल: आसपासच्या पाणथळी नीट राखा, म्हणजे पक्षी तिथेच राहतील. त्या बुजवल्या तर ते दुसरी जागा शोधत भरकटतील, आणि भरकटतील ते विमानांच्या वाटेत. म्हणजे इथे पक्षी वाचवणं हे पक्षीप्रेमाचं काम राहिलंच नाही, ते प्रवाशांच्या जिवाचं काम आहे. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून मुंबईला उतरणारं विमान घाटकोपरवर रोहितांच्या थव्यावर आदळलं. ३९ पक्षी मेले. विमान सुखरूप उतरलं, म्हणून आपण चार दिवस हळहळलो आणि पाचव्या दिवशी विसरलो. स्वतःच्या धावपट्टीच्या सुरक्षेसाठी हवी असलेली पाणथळ स्वतःच विकायला काढायची, याला दूरदृष्टी म्हणायचं की नुसतीच दृष्टी नाही म्हणायचं, ते तुम्ही ठरवा.

एवढं बोललं की समोरचा शेवटचा हुकमी पत्ता टाकतो: तुम्ही विकासविरोधी. मग माणसं महत्त्वाची की जनावरं? (हे विचारणारा सहसा तोच असतो ज्याने माणसांची जनसुनावणीही नको म्हटलेलं असतं.) त्याला मी नागपूरकडे पाठवतो. नागपूर-सिवनी महामार्गाचं चौपदरीकरण पेंचच्या जंगलातून जायचं होतं. खालून प्राण्यांसाठी वाट काढा म्हटलं तेव्हा तेच ऐकवलं गेलं: खर्च फार, गरज काय, रस्ता अडवताय. वर्षानुवर्षं न्यायालयात भांडण चाललं. शेवटी मनसर ते खवासा या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला, त्यातली सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले. १८ प्रजाती त्या वाटांनी ये-जा करताना दिसल्या. वाघसुद्धा. वरून ट्रक जातात, खालून वाघ जातो, दोघांचाही खोळंबा नाही. नागपूरची संत्री जबलपूरला वेळेवर पोचतात, देशाचा विकास थांबल्याची बातमी अजून आलेली नाही. आणि आता त्याच वाटांचे फोटो सरकारी जाहिरातींत अभिमानाने झळकतात. कोर्टात ज्यांनी वाट अडवली त्यांनीच पुढे श्रेयाची वाट मोकळी करून घेतली. घ्या बापडे. पण मग पुढच्या रस्त्याला तरी कोर्टाची वाट न बघता नकाशातच खालची वाट काढा की! आधी विचारणं स्वस्त पडतं, हे वाघाने सिद्ध केलंय. अजून कुणाची साक्ष हवी?

'आधी' हाच तर नडणारा शब्द. आधी बांधायचं आणि मग परवानगी घ्यायची, अशीही सोय आपल्याकडे करून ठेवली होती. मुंबईच्या 'वनशक्ती' संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली: पूर्वपरवानगी म्हणजे पूर्व. सहा महिने उलटतात न उलटतात तोच, नेमकं सांगायचं तर १८ नोव्हेंबरला, दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला गेला. बहुमताचा युक्तिवाद असा की हजारो कोटींची बांधकामं पाडावी लागतील, जनतेचा पैसा वाया जाईल. न्यायालयाचा मान राखून मी फक्त बिल्डरच्या डोक्यात शिरून पाहतो. त्याने यातून काय धडा घ्यायचा? पटकन बांधा आणि भरपूर बांधा. जितकं जास्त बांधाल तितकं पाडणं महाग. घरटं मोडायला अशी अडचण कधी येत नाही, त्याचं मूल्यांकन शून्य रुपये.

आणि तोडलेल्याची भरपाई? तीही आहे. ग्रेट निकोबार बेटावर बंदर आणि शहर वसवण्यासाठी १३० चौरस किलोमीटर विषुववृत्तीय जंगल जायचं आहे. त्याची भरपाई म्हणून झाडं कुठे लावायची? हरियाणात. निकोबारच्या मेगापोडने, म्हणजे ओल्या जंगलात पालापाचोळ्याचे ढीग रचून अंडी उबवणाऱ्या पक्ष्याने, आता गुरुग्रामला जाऊन सदनिका घ्यावी. रत्नागिरीत रशियाचं बर्च उगवतं, हरियाणात निकोबार उगवतो. भूगोल हा विषय शाळेतून रद्द केला तरी कुणाचं काही अडणार नाही.

एक गोष्ट मात्र मी पाहिलीय: या सगळ्या यंत्रणेला टीकेची भीती नाही, लेखांची तर अजिबात नाही. ती फक्त कागदाला घाबरते. मुंबईचा २०१५ चा मसुदा विकास आराखडा आठवा. आरे विकासाला खुलं, वारसा इमारतींच्या जागी भलतंच काही, प्रार्थनास्थळांवरून रस्ते. लोकांनी हरकतींचा असा पाऊस पाडला की मुख्यमंत्र्यांना तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगावं लागलं. देवळावरून रस्ता गेला म्हणून माणूस उठला. सड्यावरचा टोड उठून अर्ज देऊ शकत नाही, त्याचं नाव मतदार यादीत नाही.

तेव्हा तुमच्या तालुक्यात जनसुनावणीची पुढची सूचना निघेल तेव्हा ती शोधा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या खाली, मुंगीच्या अक्षरात. सुनावणीपूर्वी ३० दिवस मिळतात, घरात बसून घालवू नका. अहवाल मागा. पाहणी कोणत्या महिन्यांत केली ते पान उघडा, आणि पावसाळा नसेल तर तसं लिहा. प्रजातींच्या यादीशेजारी त्याच मालकाची रंगीत पुस्तिका असेल तर तीही जोडा. तिथल्या धनगराला, कातकऱ्याला, गुराख्याला बरोबर न्या, आणि तो जे सांगेल ते त्याच्या नावाने हरकतीत घाला. नुसतं तोंडी बोलून थांबू नका, टाळ्या मिळतात पण पोच मिळत नाही. हरकत लेखी द्या, मराठीतच द्या, दोन प्रतींत द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.